अम्मीचा दर्या

नाशिकच्या माणसाला पाणी म्हणजे गोदावरी. संध्याकाळी ‘जरा गंगेवर जाऊन येतो’ म्हटले की घरच्यांना कळते. समुद्र आमचा नव्हे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर. पण आमच्या घरात समुद्राची एक लेक आहे. अम्मीचे माहेर मुरूड-जंजिऱ्याचे. १९६८ साली लग्न होऊन ती जुन्या नाशकात आली आणि बरोबर आणलेली कोकणी बोली तिने हळूहळू मिटवून ठेवली. सासरी हिंदुस्तानी चालायची. तिच्या बोलण्याला नणंदा हसायच्या. आम्हा भावंडांच्या वाट्याला तिची कोकणी आली ती एवढीच : तव्याचा चटका बसला की तोंडून निघणारे ‘आय गो!’

गेल्या डिसेंबरात तिला मुरूडला नेले. बरोबर माझा धाकटा मुलगा. मामा वारले, त्यांची मुले कुवेतला, घराला कुलूप. कोकणातल्या कितीतरी मुसलमान घरांची हीच कथा. ‘घर बघायचे?’ मी विचारले.

‘बंद दरवाजा क्या देखना? दर्या पे चल.’

असरनंतर सुरूच्या झाडांखालून वाळूत उतरलो. अम्मीने चपला काढून माझ्या हातात दिल्या. समोर पाण्यात पद्मदुर्ग. जंजिऱ्याच्या सिद्दीवर वचक ठेवायला शिवाजी महाराजांनी बांधलेला. जंजिरा संस्थान १९४८ साली विलीन झाले, त्याच साली अम्मीचा जन्म. तरी नवाबाच्या गोष्टी ती अशा सांगते, जणू दोघांचे अंगण एकच होते!

एक कोळीण टोपली घेऊन आली. पर्यटक समजून म्हणाली, ‘आंटी, सुक्का बोंबील लो, अच्छा है.’

‘ताजं म्हावरं नाय काय गो?’ अम्मी म्हणाली.

कोळणीने टोपली खाली ठेवली. ‘मुरूडच्याच काय तुमी?’

‘हितलीच मी, बाय.’

मग दोघी वाळूतच बसल्या. मांदेली, बोंबील, कुठल्या आळीत कोण उरले, कोण गेले. मला निम्मे कळले, निम्मे नाही. हिंदुस्तानीत अम्मी शब्द मोजून बोलते. इथे तिला श्वास घ्यायला सवड नव्हती. मध्येच पदर तोंडाला लावून ती मोठ्याने हसली. कशाला, ते मी विचारले नाही. ‘मुसलमान असून तुमची मराठी इतकी चांगली कशी?’ असे मला कार्यक्रमांतून हमखास विचारतात, आणि मला राग येतो. त्या प्रश्नाचे उत्तर माझ्यासमोर वाळूत बसून बोंबलाचा भाव पाडत होते.

मगरिबची अजान झाली. गुडघ्यांमुळे अम्मी हल्ली बसूनच नमाज पढते. तिथेच पढली. कोळीण टोपली घेऊन थोडी बाजूला थांबली. अंधार पडेपर्यंत आम्ही लाटा बघत राहिलो, फार कोणी बोलले नाही.

बोंबील वर्तमानपत्राच्या चार घड्यांत बांधून घेतले, तरी दुसऱ्या दिवशी कसारा घाटापर्यंत गाडी घमघमत होती. मुलाने नाक दाबले. अम्मी त्याला काहीतरी म्हणाली.

‘दादी, मतलब?’

तिने तेच पुन्हा म्हटले, सावकाश, एकेक शब्द तोडून.