दुधी काच

माजलगावातल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आम्ही हाफ प्लेटचा लाकडी कॅमेरा घरी आणला, तेव्हा त्याच्या ग्राउंड ग्लासमध्ये वस्तुतः काहीच बिघाड नव्हता. बिघाड होता तो आमच्या साठीकडे झुकलेल्या डोळ्यांत. अलेप्पीला पूर्वी बनणारा ‘वागेश्वरी’ कॅमेरा हा. भाता शाबूत, पितळ काळवंडलेले. काळे कापड डोक्यावर ओढून आत पाहिले की दुधी काचेवर जग उलटे टांगलेले दिसे, मध्यभागी उजळ आणि कोपऱ्यांत तिन्हीसांज. कडेला पोचणारे किरण तिरपे येतात आणि बव्हंशी तसेच तिरपे, पाहणाऱ्याच्या डोळ्याला चुकवून निघून जातात.

यावर जुना इलाज आहे. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२० च्या दशकात दीपगृहांसाठी भिंगाची जाडी काढून टाकून त्याची नुसती वलये ठेवली. तसाच वलयांचा पातळ पत्रा काचेला जोडला, तर कडेचे किरण आत वळतात आणि कोपरे उजळतात. मोडीत निघालेल्या एका ओव्हरहेड प्रोजेक्टरमधला पत्रा आम्ही करवतीने बेताचा कापला. (या यंत्रावर व्याख्याने दिलेल्या प्राध्यापकांना त्याचा हा पुनर्जन्म रुचेल, अशी आशा आहे.) हौस भागेना म्हणून काचही नवी घासली: सहाशे नंबरची कार्बोरंडम पूड, पाणी, काचेचाच लहान तुकडा आणि दोन संध्याकाळी. पत्रा चौकटीत भिंगाच्या बाजूला बसवला, त्यामागे काच. जुन्या पोथीवर कुणी झळझळीत टीका लिहावी आणि मूळ ओळी प्रथमच वाचता आल्यासारखे वाटावे, तसे झाले.

पहिला मान आत्याबाईंचा. वय नव्वदीच्या घरात. कानांत मोत्यांच्या कुड्या, त्या कधी उतरवलेल्या आम्ही पाहिल्या नव्हत्या. बसण्याआधी त्यांनी स्वतः कापडाखाली डोकावून पाहिले आणि विचारले, “तुझा डबा समद्यांनाच उलटं टांगतो का रे?” मग ओसरीत खुर्चीवर बसल्या. सहा-साडेसहा फुटांवरून, २१० मिलिमीटरचे भिंग ५.६ वर पूर्ण उघडून, डोळ्यांवर काटेकोर फोकस धरला. इतके स्पष्ट डोळे आम्ही त्या काचेवर कधी पाहिले नव्हते. क्ष-किरणांच्या फिल्मचा कापलेला तुकडा, अर्धा सेकंद. तेवढा वेळ त्या श्वास रोखून बसल्या, आणि मग म्हणाल्या, “झालं? आता च्या टाक.”

निगेटिव्ह धुतल्यावर डोळे धूसर होते. कुड्यांतला मोती न् मोती मोजता येत होता.

कारण शोधायला आठवडा गेला. फिल्म बसते त्याच प्रतलात काचेची घासलेली बाजू असावी लागते. दीड मिलिमीटरच्या पत्र्याने काच तेवढीच मागे सरकली होती. पत्र्यातून जाताना किरण वाकल्यामुळे त्यातले सुमारे अर्धा मिलिमीटर भरून निघाले, तरी एक मिलिमीटरची चूक उरलीच. एवढ्या अंतरावर ती समोर सात सेंटिमीटर होते, म्हणजे डोळ्यांपासून जवळजवळ कानांपर्यंत. काच उजळली आणि खोटे बोलू लागली. अंधारी होती तोवर निदान प्रामाणिक होती. तिरपी ठेवलेली फूटपट्टी टिपून खात्री केली, पत्रा काढून काचेच्या मागे, आपल्या बाजूला लावला. तिथे तो फोकसला बाधत नाही. उजेड तेवढाच. हे काम पाच मिनिटांचे; आधी वाचले असते तर! असो.

दुसऱ्या फोटोसाठी आत्याबाईंना दिवाळीनंतरचा वायदा केला होता. दिवाळीपूर्वीच त्या गेल्या. तेराव्याला त्यांच्या लेकीला आम्ही तोच फोटो दिला, संकोचाने, डोळ्यांबद्दलची क्षमा आधीच मागून. तिने तो ओसरीच्या उजेडात धरला, बराच वेळ पाहिला, आणि तिचा हात नकळत स्वतःच्या कानाकडे गेला. कुड्या आता तिच्या कानांत होत्या.