थंड इंजिन

जुनी मोटार विकत घेणें अवघड, आणि जुन्या स्नेह्याशीं पैशाचा व्यवहार करणें त्याहून अवघड. गेल्या जानेवारींत हीं दोन्ही कृत्यें मला एकाच वेळीं करावीं लागलीं. माझ्या मातोश्री ८१ वर्षांच्या असून खटाव तालुक्यांतील आमच्या गांवीं राहतात. दर पंधरवड्यास पुण्याहून जाऊन येऊन तीनशेंवर किलोमीटर होतात, आणि पुष्कळदां त्यांना औषधोपचारासाठीं इकडे आणावें लागतें. लहानशी डिझेल गाडी या कामास उत्तम. पण २०२० च्या एप्रिलांत भारत स्टेज ६ चे नियम अमलांत आल्यावर बहुतेक कारखान्यांनीं लहान डिझेल गाड्या काढणेंच सोडून दिलें; ज्याला हवी त्यानें जुनीच शोधावी. अशा वेळीं कॉलेजांत २० वर्षें माझ्या शेजारच्या खोलींत गणित शिकविणाऱ्या स्नेह्यांनीं आपली २०१४ सालची हॅचबॅक देऊं केली.

“अहो, ज्यांच्या घरीं आपण दर दिवाळीला फराळाचें ताट पाठवितों, त्यांच्या दारांत मिस्त्री घेऊन जाणार?” घरांतून पृच्छा झाली. प्रश्न बिनतोड होता. परंतु खंबाटकीच्या घाटांत गाडीनें दगा दिला तर मागच्या आसनावर माझी आई असणार, स्नेही नव्हेत. मीं मिस्त्रीला गांठलें.

त्याची अट एकच: गाडी रात्रभर उभी असावी आणि आपण जाईपर्यंत तिला कोणीं चावी लावूं नये. रुडॉल्फ डिझेलला १८९३ सालीं ज्या कल्पनेचें पेटंट मिळालें तिच्यांत ठिणगीला स्थानच नाहीं. नुसती हवा सतरा-अठरा पट दाबावयाची. ती इतकी तापते कीं, तींत फवारलेलें इंधन आपोआप पेटतें. रिंगा झिजून दाब निसटूं लागला, किंवा फवारा नीट पडेनासा झाला, तर थंड इंजिन तें लपवूं शकत नाहीं. तापलेलें मात्र बेमालूम लपवितें. आम्हां मास्तरांना यांत नवल नाहीं. तोंडी परीक्षेंत पहिल्या प्रश्नालाच विद्यार्थी कळतो. एकदां बोलूं लागले कीं सगळेच हुषार.

रविवारीं सकाळीं सातला आम्ही पोंचलों. मिस्त्रीनें कांहीं न बोलतां बॉनेटवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलें. बॉनेट ऊन होतें. “साहेब, उद्यां येऊं,” एवढेंच तो म्हणाला. स्नेही कुंडींतल्या तुळशीकडे पाहूं लागले. त्या दिवशीं मीं त्यांच्याविषयीं जें जें मनांत आणलें तें लिहावयास आज लाज वाटते. किलोमीटरचा आंकडा फिरविला असेल, अपघात दडविला असेल. इतकेंच काय, कॉलेजच्या कामांत त्यांनीं मला पूर्वीं दिलेला एक सल्लाही संशयास्पद वाटूं लागला!

सोमवारीं गाडी थंडगार होती. तीनदां चावी फिरविल्यावर ती कशीबशी खोकत सुरू झाली. मागून पांढरा धूर निघाला आणि मिनिटभरांत विरला. मिस्त्रीनें इंजिन चालू ठेवूनच ऑइलचें झांकण काढलें. तेथून धुराचे लोट येऊं लागले तर तें ‘बॅक कॉम्प्रेशन’, म्हणजे इंजिन उघडण्याचा मोठा खर्च. लोट आले नाहींत. धुरांत निळी छटा नव्हती, म्हणजे ऑइल जळत नव्हतें. पाण्याच्या टाकींत तवंग नव्हता. पट्टीवरचें ऑइल काळेंकुट्ट पाहून मी दचकलों. पण डिझेल गाडींत तें काजळीनें लवकरच काळें होतें, त्यावरून कांहीं ठरत नाहीं, हें त्यानें मला शिकविलें. सर्व्हिसच्या पावत्या आणि किलोमीटरचा आंकडा जुळला. चढावरही गाडीनें कुरकुर केली नाहीं.

“इंजिन खणखणीत आहे. हीटर गेलेत,” तो म्हणाला. थंडींत सुरू होतांना सिलिंडरांना ऊब देणारे ते चार लहान प्लग. इंजिनाच्या कामापुढें त्यांची किंमत ती काय!

“सकाळीं ती लवकर सुरू होत नाहीं,” स्नेही हळूच म्हणाले. “तुमच्यासमोर अडखळली असती तर बरें दिसलें नसतें, म्हणून काल जरा फिरवून आणली.”

किंमत कमी करण्याचा विषय मीं काढला नाहीं. त्यांनीं मात्र प्लगांचे पैसे वजा करूनच रक्कम घेतली. मीं कितीही नको म्हटलें तरी ऐकलें नाहीं. तेव्हांपासून गांवाकडे पुष्कळ फेऱ्या झाल्या. गाडी पहिल्या चावीला सुरू होते. सकाळीं टेकडीवर आम्ही दोघे अजून बरोबर जातों, हवापाण्याविषयीं बोलतों. मोटारीचा विषय कोणीच काढीत नाहीं.