टाकी घरून भरून आण

राजूर, मे महिन्याचा तिसरा आठवडा

चि. चिऊ,

तू फोनवर विचारलंस, की कॅराव्हॅन घेऊन काजवे बघायला येतोय, तर भंडारदऱ्याच्या बाजूला पाण्याची टाकी कुठं भरून मिळेल. याचं उत्तर एका ओळीचं आहे: इथं कुठंही भरू नकोस, घरून भरून आण. पण त्याच्या पाठोपाठ तू म्हणालीस, "आत्या, गेल्या वर्षी वाटेतल्या वाडीत एका पोरानं पाचशे रुपयांत विहिरीवरून पाइप लावून दिला. लोक खुशीनं देतात गं." तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याबरोबर शाळेच्या वाडीवर राहिलेली तू. तुझ्या तोंडून हे यावं?

खुशीनं देतात म्हणजे कोण देतं, सांग बरं. मोटर ज्याची, पैसे त्याचे. तुझ्या टाकीत गेलेलं शंभर लिटर पाणी गेलं रांगेतल्या शेवटच्या बाईच्या वाट्यातून, आणि तिला कोणी विचारलं नाही. मे अखेरीला विहिरीच्या तळाशी पाझर किती असतो ते तू पाहिलं आहेस. आठव ना, विहिरीत उतरलेली बाई खडकाच्या खोबणीशी उकिडवी बसते, वाटीवाटीनं पाणी टिपते आणि फडक्यातून गाळून हंड्यात सोडते. वाटी लावली की खोबण रिकामी होते, मग हात आवरून बसायचं, पुन्हा साचू द्यायचं. वर काठावर हंड्या-कळशांची ओळ, नंबर धरायला ठेवलेले दगड. एक हंडा भरायला अर्धा तास लागतो कधीकधी. मोटरीनं ते सगळं दहा मिनिटांत उपसलं जातं. मग रात्री बाया कंदील, नाहीतर मोबाइलचा उजेड घेऊन त्याच विहिरीत उतरतात. कडा सुटलेल्या, पाय ठेवायला धड जागा नाही. मला भीती वाटते ती याचीच. इतकी वर्षं या बायांच्या लेकी माझ्या वर्गात होत्या. मार्चनंतर हजेरीपटावर मुली गळू लागायच्या, त्या पाण्यापायीच.

तू म्हणशील, एवढा पाऊस पडतो तुमच्याकडं! पडतो ना. घाटघर-रतनवाडीला चांगल्या वर्षी 5,000 मिलिमीटरच्या पुढं जातो. पण खाली काळा कातळ, वर हातभर माती, आणि उतार असा की पाणी थांबायला तयार नाही. बेसॉल्टमध्ये पाणी मुरतं ते भेगांत आणि कुजलेल्या मुरमाच्या थरात. ते थर इथं पातळ. दिवाळीपर्यंत ओढे वाहतात, होळीला झिरे उरतात, आणि एप्रिलनंतर टँकरची वाट बघायची. समोर धरण दिसतं म्हणून पाहुण्यांना नवल वाटतं. भंडारदरा 1926 साली पुरं झालं, 11 टीएमसीचं. पण ते पाणी प्रवरेनं खाली जातं, निळवंडे धरणात आणि पुढं कालव्यांनी उसाला, शहरांना. डोंगरावरच्या वाडीला ते चढवून आणायचं तर योजना हवी, वीज हवी, ती टिकायला हवी. घाट उतरून शहापूरला गेलीस तर तेच. तानसा, भातसा त्याच तालुक्यात, मुंबईचे नळ त्यांच्यावर चालतात, आणि दर उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतात. तानसा तर 1892 पासून मुंबईला पाणी पुरवतोय. तुझ्या अंधेरीच्या घरात शॉवरखाली उभी राहतेस तेव्हा हे आठवत जा. हे रागानं नाही म्हणत, पण आठवत जा.

आणि नेमकं हेही बघ: काजवे येतात केव्हा? मे अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, मोठा पाऊस लागायच्या आधी. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर, झाडं अशी लखलखतात की बघत राहावं. मी त्या सोहळ्याच्या विरुद्ध नाही. पण तीच वेळ विहिरी तळाला गेल्याची. वर्षातल्या सर्वांत कोरड्या पंधरवड्यात सर्वांत जास्त गाड्या या डोंगरात शिरतात. दिवाळीत आला असतात तर मी एवढं लिहिलं नसतं.

टंचाईत पाण्यावर बंधनं घालायची ती फक्त गावानं पाळायची, ही रीत मला पटत नाही. 1993 च्या कायद्यानं पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदायला मनाई केली, म्हणजे शेतकऱ्याच्या हक्कालाही लगाम घातला. 2016 साली लातूरला पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी लावावी लागली, मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. त्याच उन्हाळ्यात मुंबई उच्च न्यायालयानं आयपीएलचे एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. तुझे बाबा तेव्हा चिडले होते, खेळाचा काय संबंध म्हणून. संबंध होता. मैदानाचं पाणी आणि हंड्याचं पाणी एकच आहे. मग पर्यटकाच्या शॉवरचं पाणी वेगळं कसं? सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, चांगलं केलं. पण माझं ठाम मत आहे, की टंचाईच्या गावात येणाऱ्या गाडीनं आपलं पाणी आपण आणावं आणि आपलं सांडपाणी आपण परत न्यावं, असा नियमच हवा. तपासणी नाक्यावर टाकीचा काटा बघावा, मगच गाडी पुढं सोडावी.

आता तुझ्यापुरता हिशेब करते. टंचाईत टँकरनं पाणी देताना माणशी दिवसाला 20 लिटर धरतात. तुम्ही चौघं, दोन दिवस: 160 लिटर. तुझी टाकी शंभराची, तर वीस-वीस लिटरचे तीन जार वर घे. बरोबर बसतं. त्यात पिणं, रांधणं, हातपाय धुणं सगळं होतं, फक्त शॉवर होत नाही. साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर ओततो. पाच मिनिटं उभी राहिलीस की दोन माणसांचा दिवस वाहून गेला. ओल्या पंचानं अंग पुसायचं, दोन दिवसांत कुणाचं काही बिघडत नाही. जेवण गावातल्या घरी सांगून ठेव, पिठलं-भाकरी, ठेचा. तेही पाणी लागणारच, पण निदान पैसे रांधणाऱ्या बाईच्या हातात जातील. सोबत पत्रावळी आण, म्हणजे तिच्यावर भांड्यांचा ढीग पडणार नाही. आणि तुमच्या रांधण्याचं पाणी म्हणून तीनपैकी दोन जार तिच्या घरी नेऊन दे. पाचशे रुपयांपेक्षा त्याचा तिला जास्त उपयोग आहे.

सांडपाण्याच्या टाकीची तोटी ओढ्यात सोडू नका. आत्ता ओढा कोरडा दिसतो, पण त्याच्याच पात्रात बाया झिरा उकरतात. गाडीतल्या संडासाचं ते निळं औषध तर नाहीच नाही. परतल्यावर सोय असेल तिथंच रिकामं करा. रतनगडावर चढलात तर टाक्यांच्या पाण्यात साबण लावून हात घालू नका, पोरांनाही सांग. पिण्याच्या टाक्यात पाय बुडवून फोटो काढणारी माणसं बघितली की मला बोलल्यावाचून राहवत नाही.

जावईबापूंना हे पत्र वाचून दाखव. त्यांना आत्याबाईंचं व्याख्यान वाटेल, वाटू दे. ते समजूतदार आहेत, फक्त शहरात वाढलेत. वहिनीची गुडघेदुखी कशी आहे ते लिहीत नाहीस कधी. तिला उन्हात प्रवास करायला लावू नकोस, घाटातली वळणं तिला सोसत नाहीत.

तू येच. माझ्याकडं मुक्काम केलास तर मला आनंदच आहे, पण आमच्याकडंही नळ एक दिवसाआड, तासभर येतो. तेव्हा निघायच्या दिवशी टाकी आणि तिन्ही जार भरल्याचं मला एका ओळीनं कळव. ती ओळ आली नाही तर मी रात्री फोन करणार आहे.

तुझी
आत्या