तांत्रिक कारणास्तव

अहमदाबाद येथे 12 जून 2025 रोजी लंडनला निघालेले विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले आणि विमानातील 242 पैकी 241 जण गेले. त्यानंतर कित्येक आठवडे, घरापासून दूर नोकरी करणाऱ्या आमच्यासारख्यांच्या कुटुंबांत दुसरा विषय नव्हता. नांदेडहून मावशीचा फोन आला, "अरे, त्यापेक्षा रेल्वेनं येत जा बाबा." गुवाहाटीहून नांदेडला रेल्वेने पोहोचण्यात निम्मी रजा संपते, हे तिला सांगून उपयोग नव्हता. मला मात्र त्या दिवसांत 2019 च्या जुलैमधला एक प्रवास पुन्हा पुन्हा आठवत राहिला. त्यात कोणाला साधे खरचटलेही नाही. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या नाहीत.

ब्रह्मपुत्रेला पूर होता. पूरनिधीसंबंधीच्या बैठकीसाठी मी सकाळच्या विमानाने दिल्लीला निघालो होतो. शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. माझ्या हातातले मराठी पुस्तक पाहून त्यांनीच विचारले, "कुठले आपण?" ते कोल्हापूरचे. वायुदलात विमानांच्या देखभालीत उभी हयात घालवून निवृत्त झालेले, मुलाकडे गुवाहाटीला राहून परतत होते. परप्रांतात दोन मराठी माणसे भेटली की पाच मिनिटांत नाते जुळते. ते 'काका' झाले, आणि मी कितीदा नको म्हटले तरी 'साहेब'च राहिलो.

विमान जागेवरून हलण्याच्या सुमारास पायांखालून कर्र-कर्र असा, कोणी करवत चालवावी किंवा कुत्रे भुंकावे तसा आवाज आला. पुढच्या रांगेतील बाई दचकल्या. काका हसून म्हणाले, "घाबरू नका. या जातीच्या विमानात हायड्रॉलिकच्या तीन यंत्रणा असतात. एकच इंजिन चालू असलं की एकीचा दाब दुसरीला पुरवणारा पंप असा भुंकतो. ते त्याचं कामच आहे." मी आयुष्यात शेकडो वेळा हा आवाज ऐकला होता आणि दर वेळी मनातल्या मनात धसकलो होतो. कोणाला विचारावे, असे मात्र कधी वाटले नव्हते.

उड्डाणानंतर दहाएक मिनिटांनी विमान चढायचे थांबले. कान दडपले होते. मग ते हळूहळू वळू लागले. खिडकीतून गढूळ नदी, तिच्यातले वाळूचे चर आणि काठाकाठाने गेलेली बांधाची बारीक रेघ दिसत होती. थोड्या वेळाने तोच चर पुन्हा दिसला. मग तिसऱ्यांदा. हवाई सुंदरींनी चहाच्या गाड्या मुकाट्याने मागे नेल्या. घोषणा झाली ती एकच, घाईघाईच्या इंग्रजीत: तांत्रिक कारणास्तव आपण गुवाहाटीस परतत आहोत.

पुढची वीस-पंचवीस मिनिटे मी विसरणार नाही. मागून कोणी म्हणाले, एक इंजिन बंद पडले. दुसऱ्याने सांगितले, चाके अडकली. एक जवान डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता. परतायचे आहे तर उतरत का नाही, घिरट्या कशाला, हाच प्रश्न सगळ्यांच्या चेहऱ्यावर होता. काकांनी मला हळू आवाजात समजावले, "दिल्लीपर्यंतचं इंधन भरलेलं आहे. जितकं वजन घेऊन उडता येतं तितकं घेऊन उतरायचं नसतं. मोठ्या विमानांना इंधन हवेत सोडायची सोय असते, याला नाही. म्हणून जाळतोय. अगदी जिवावर बेतलं असतं तर जड विमानही त्यानं तसंच उतरवलं असतं. घिरट्या घालतोय म्हणजे त्याच्याकडे वेळ आहे."

म्हणजे ज्या गोष्टीने आम्ही अर्धमेले झालो होतो, तीच सर्वांत दिलाशाची होती! पण ती सांगणारा एक निवृत्त म्हातारा योगायोगाने माझ्या शेजारी होता. बाकीच्या दीडशे जणांच्या शेजारी कोणी नव्हते.

वैमानिकाने सांगायला नको होते का, असे मी जरा चिडूनच विचारले. काका त्याच्या बाजूने बोलले. आधी विमान सांभाळायचे, मग दिशा, मग बोलणे, असाच त्यांचा शिरस्ता असतो. ते पटले. तरीही मला 24 जून 1982 ची ती प्रसिद्ध घटना आठवली. लंडनहून मुंबईमार्गे ऑकलंडकडे चाललेल्या जम्बो विमानाची चारही इंजिने इंडोनेशियावरील ज्वालामुखीच्या राखेत बंद पडली. कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना शांतपणे सांगितले की चारही इंजिने थांबली आहेत आणि ती सुरू करण्याची आम्ही शर्थ करीत आहोत. इंजिने पुन्हा चालू झाली, विमान जकार्त्याला उतरले, सगळे वाचले. आमच्यावर त्याच्या शतांशही संकट नव्हते.

उतरताना धावपट्टीच्या कडेला अग्निशामक गाड्या उभ्या दिसल्या आणि विमानात रडारड झाली. काका म्हणाले, "नियमच आहे तो." चाके टेकली. टाळ्या वाजल्या.

नंतरचे तीन तास मात्र अक्षम्य होते. फलकावर 'विलंब', काउंटरवरच्या मुलाकडे 'टेक्निकल, सर' एवढेच उत्तर. इतका वेळ खोळंबा झाल्यास प्रवाशांना खाणेपिणे द्यावे, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम 2010 पासून आहे. तोही भांडल्यावर आठवला.

त्या तीन तासांत काकांनी जे सांगितले ते मला प्रशासनाच्या कोणत्याही प्रशिक्षणात कोणी सांगितले नव्हते. मी समजत होतो की विमान एकतर निर्दोष असते किंवा उडत नाही. तसे नसते. काय बिघडलेले असताना उडायला हरकत नाही, याची प्रत्येक कंपनीची मंजूर यादी असते, मिनिमम इक्विपमेंट लिस्ट. बिघाडाची नोंदवहीत नोंद होते, संबंधित कळीजवळ चिठ्ठी लागते आणि दुरुस्तीची मुदत ठरते. वर्गानुसार 3 दिवस, 10 दिवस, 120 दिवस. मुदतवाढ हवी तर तीही लेखी. आणि इतके करूनही कॅप्टनला वाटले तर तो ते विमान नाकारू शकतो.

"म्हणजे प्रलंबित प्रकरणंच की," मी म्हणालो.

"हो, पण तारखेची."

मी गप्प झालो, कारण हवेत असताना ती बांधाची रेघ पाहून मला जे आठवले होते, ते आता टाळता येईना. एका कनिष्ठ अभियंत्याचा अहवाल माझ्याकडे आला होता. एका बांधातून पाणी झिरपते आहे, पावसाआधी मजबुती हवी, असा. आकडे अर्धवट होते. मी त्यावर 'चर्चा करावी' असा शेरा मारून तो परत पाठवला होता. सरकारी नोकरीतल्या वाचकांना या दोन शब्दांचे सामर्थ्य सांगायला नको. नकार नाही, होकार नाही, आणि तारीखही नाही.

विमानतळावरूनच त्या अभियंत्याला फोन लावला. तो आधी घाबरला, मग म्हणाला, "सर, मी चर्चेसाठी दोनदा आलो होतो. आपण बैठकीत होतात." अहवाल परत पाठवल्याला एकेचाळीस दिवस झाले होते. विमानातल्या दिव्याच्या बल्बलासुद्धा त्याहून कमी मुदत मिळत असावी. मी त्याला त्याच दिवशी वाळूच्या गोण्या आणि माणसे घेऊन जायला सांगितले, कागद मागून येतील म्हणालो. ते मागून आले, आणि लेखापरीक्षणात त्यावर आक्षेपही आला. त्याचे उत्तर मी बदली झाल्यावरसुद्धा देत होतो.

तो बांध त्या वर्षी टिकला. गोण्यांमुळे टिकला, की नदीने आपला जोर दुसऱ्या काठावर वळवला म्हणून, हे मला सांगता येणार नाही. ब्रह्मपुत्रेजवळ राहिलेल्या कोणालाच सांगता येत नाही.

दुपारी दुसरे विमान आले. निघताना पायांखाली पुन्हा तो भुंकण्याचा आवाज झाला आणि सकाळच्या अनुभवाने आधीच धास्तावलेले सगळे प्रवासी एकमेकांकडे पाहू लागले. काका डुलकी घेत होते. पुढच्या रांगेतील त्या बाईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिले, तेव्हा त्यांना त्या पंपाबद्दल मीच सांगितले. मग त्यांनी ते पलीकडच्या जवानाला सांगितले.