शिफारसपत्र

"मग पीएचडीची सीट अडवलीस कशाला?" गाइडचं हे वाक्य आठवलं की आजही माझं डोकं तडकतं. मी मेडिकल रायटिंगच्या नोकरीसाठी शिफारसपत्र मागितलं होतं, एवढंच.

आधीचं सगळं नेहमीचंच. नेट-जेआरएफ, पुण्यातली एक संशोधन संस्था, यकृताच्या पेशींवरचं काम. फेलोशिप पाच वर्षांत संपते, पीएचडी संपत नाही. शेवटचे महिने बाबांच्या पेन्शनवर काढले.

पत्राचं मात्र सविस्तर सांगायलाच हवं. कंपनीला दोन पत्रं हवी होती, त्यातलं एक गाइडचंच. मी मसुदाही करून दिला. "बघतो," म्हणाले. मग ग्रँटची डेडलाइन आली, मग कॉन्फरन्स. एचआरमधल्या बाईंचे मेल येत राहिले. मी केबिनच्या दाराशी उभी राहायची आणि सर स्क्रीनवरून नजर न काढता "उद्या" म्हणायचे. त्याच सुमारास माझ्याबरोबरच्या मुलाला जर्मनीत पोस्टडॉकसाठी पत्र हवं होतं. ते रातोरात गेलं, वर सरांनी तिकडे फोनही केला. लॅब तीच, आमच्या पेपरवर पहिलं नाव माझं. तरी मला पत्र मिळालं नाही ते नाहीच. शेवटी सल्लागार समितीतल्या एका मॅडमनी आपणहून लिहून दिलं आणि कंपनीने ते चालवून घेतलं.

आता मी क्लिनिकल ट्रायलचे अहवाल लिहिते. एका अहवालात यकृताच्या तक्रारीमुळे दोन रुग्णांनी औषध सोडल्याचं तक्त्यात होतं. रक्ततपासण्यांची यादी ओळीने वाचत गेले, तर तिसऱ्या एकाचा एएलटी (यकृताचं एन्झाइम) भलताच वाढलेला, आणि नोंद मात्र 'स्वतःहून माघार'. मी प्रश्न पाठवला, डॉक्टरांनी फाइल पुन्हा काढली आणि त्या रुग्णाची हकिकत अहवालात आली. मूळ नोंद पाहिल्याशिवाय आकडा मानायचा नाही, ही सवय सरांनीच लावलेली. त्यामुळे त्यांच्यावर धड रागावताही येत नाही. आणि जुन्या लॅबचा चांगला पेपर आला की माझं दिवसभर कामात लक्ष लागत नाही, हेही खरं.

पण सीट वाया गेली, हे मी कधीच मान्य करणार नाही. २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० रुपये मिळतात, ते जनतेचे पैसे आहेत. ट्रायलमधला रुग्ण जनतेतला नाही का? पेटंटच्या कामातही संशोधन केलेली माणसं हवीच असतात. पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) नुसार जुन्याच औषधाचं नवं रूप खरंच जास्त गुणकारी आहे का, हे तपासावं लागतं. जीवशास्त्र कळल्याशिवाय ते कसं जमणार? पेटंट एजंटच्या परीक्षेला तर विज्ञानाची पदवी पुरते, म्हणजे पीएचडी चालू असतानाही ती देता येते.

गाइड मंडळींना कळकळीची विनंती आहे: विद्यार्थी कुठेही जात असो, पत्र वेळेवर द्या. आणि मुलांनो, समितीतल्या आणखी एखाद्या सरांना किंवा मॅडमना तुमचं काम नीट दाखवून ठेवा, थिसिस सबमिट व्हायच्या खूप आधी.