लिंकेजचा रकाना

जुन्या हार्ड डिस्कवर एक फोल्डर सापडलं: 'अक्षरफुगे_फायनल_३_हेच_घ्या'. साल २००८. आत एक एफएलए फाइल आणि तिच्याभोवती वीसेक एएस फाइली. पुण्यात तेव्हा ई-लर्निंगची कामं जोरात होती आणि अशाच एका कंपनीत मी दिवसभर फ्लॅश बडवायचो. अ‍ॅडोबी अ‍ॅनिमेटने, म्हणजे फ्लॅशच्याच नव्या अवताराने, फाइल निमूटपणे उघडली. माझी नजर आधी गेली ती स्टेजवर नव्हे, लायब्ररीतल्या एका अरुंद रकान्यावर. लिंकेज. सवय जात नाही.

*

ज्यांनी फ्लॅश पाहिलंच नाही त्यांच्यासाठी एवढं सांगायला हवं. चित्रकार जे काढतो ते एफएलए फाइलीच्या लायब्ररीत सिम्बॉल म्हणून राहतं. प्रोग्रामर जे लिहितो ते डिस्कवर साध्या मजकुराच्या एएस फाइलीत, क्लास म्हणून राहतं. दोघांची गाठ पडते सिम्बॉल प्रॉपर्टीजच्या खिडकीत. तिथे 'एक्स्पोर्ट फॉर अ‍ॅक्शनस्क्रिप्ट'वर बरोबरची खूण केली की खालच्या दोन चौकटी जाग्या होतात: क्लास आणि बेस क्लास. पहिलीत क्लासचं नाव टाइप करायचं. झालं. फाइल निवडायची नाही, माउसने काही ओढायचं नाही, नुसतं नाव. मग कोडमध्ये 'न्यू फुगा' लिहून अ‍ॅडचाइल्ड केलं की चित्रकाराने रंगवलेला फुगा पडद्यावर येतो आणि माझ्या हुकमाने वर जायला लागतो.

पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी शेजारच्या टेबलावरच्या दोघांना बोलावून दाखवलं होतं. ते टेस्टिंगवाले होते. त्यांनी विचारलं, "हा फुटत का नाही?"

*

एका वस्तूला चार नावं. लायब्ररीतलं एक, स्टेजवर ठेवलेल्या प्रतीचं दुसरं, लिंकेजमधल्या क्लासचं तिसरं, डिस्कवरच्या फाइलीचं चौथं. आपल्याकडे माणसाचं पाळण्यातलं नाव वेगळं, घरी हाक मारायचं वेगळं आणि रेशन कार्डावर कारकुनाने लिहिलेलं आणखी वेगळं, तसं. यातलं तिसरं आणि चौथं नाव एकच असावं लागतं, लहान-मोठ्या अक्षरांसकट. लायब्ररीतलं नाव मात्र कोडला दिसतच नाही. चित्रकाराने तिथे 'लाल फुगा शेपटीवाला नवा' असं काहीही लिहिलं तरी माझ्या बापाचं काही जात नाही. नवीन पोरांना हे पटवायला मला दर वेळी अर्धा दिवस लागायचा.

*

फुगा इंग्रजी अक्षरांत कसा लिहायचा? मी लिहिला पी-एच लावून. आमच्या चित्रकाराने सिम्बॉलला क्लासचं नाव दिलं ते एफ लावून. दोघंही मराठी माध्यमातले, दोघंही आपापल्या जागी बरोबर.

आता फ्लॅशची गंमत अशी की चौकटीतल्या नावाचा क्लास सापडला नाही तर ते अडत नाही. एक खिडकी येते: या नावाची व्याख्या सापडली नाही, तेव्हा एसडब्ल्यूएफ, म्हणजे शेवटी चालणारी फाइल, तयार होताना ती आपोआप बनवली जाईल. खाली ओके. ओके कोण दाबणार नाही? त्यानेही दाबलं. एफवाल्या फुग्यासाठी एक रिकामा क्लास जन्माला आला, आणि माझा पीएचवाला क्लास चित्राशिवाय राहिला. पडद्यावर काय दिसलं? चित्रकाराने हाताने ठेवलेले तीन फुगे जागच्या जागी लटकलेले, त्यांना कितीही टिचक्या मारा, ढिम्म. आणि दर दोन सेकंदांनी रिकाम्या आकाशातून आवाज येतोय: "सुटला! सुटला!" माझे फुगे जन्मत होते, वर जात होते, हातून सुटत होते, गुण कापत होते, फक्त त्यांना अंग नव्हतं. दिसत होते ते मुके आणि बोलत होते ते अदृश्य. एरर एकही नाही. दुपारचा चहा आणि संध्याकाळचा वडापाव त्यातच गेला.

त्या दिवसापासून ऑफिसात एक कागद चिकटवला: फ पीएचने, व व्हीने, लांब आ एकाच एने.

*

हे पूर्वी याहून वाईट होतं, हे सांगितलंच पाहिजे. २००२ च्या फ्लॅश एमएक्समध्ये सिम्बॉलला एक ओळखनाव द्यायचं, अवतरणचिन्हांतली नुसती अक्षरं, आणि ऑब्जेक्ट डॉट रजिस्टरक्लास म्हणून ते कोडशी बांधायचं. अ‍ॅक्शनस्क्रिप्ट २ आलं, २००३ मध्ये, तेव्हा ओळखनावाखाली क्लासची चौकट आली. पण वस्तू पडद्यावर आणायची ती अटॅचमूव्हीनेच, तेच अवतरणातलं नाव देऊन. एक अक्षर चुकलं की काहीच यायचं नाही. ना चित्र, ना तक्रार. २००६ च्या फ्लॅश प्लेयर ९ बरोबर अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ३ आलं, पुढच्या वर्षी फ्लॅश सीएस३ आलं, आणि ओळखनाव गेलं. आता क्लास हेच नाव. 'न्यू'पुढे चुकीचं लिहिलं तर कंपायलर तिथल्या तिथे ओरडतो. ओरडणारा बरा. गप्प राहणाऱ्याबरोबर मी पाच वर्षं काढली आहेत.

*

बेस क्लासची चौकट मी पहिले चार महिने उघडूनसुद्धा पाहिली नव्हती. याची लाज वाटते.

अक्षरफुगे या खेळात क ते ज्ञ अशी ३६ व्यंजनं होती. टाइप करून भागत नव्हतं, कारण त्या वेळच्या मजकुराच्या चौकटीत देवनागरीचा भरवसा नव्हता. अक्षर टाइप करायचं, कंट्रोल बीने मोडून त्याची आकृती करायची आणि मग ती फुग्यावर बसवायची, असं चाललं होतं. म्हणजे ३६ वेगळे सिम्बॉल. एक क्लास दोन सिम्बॉलना देता येत नाही. म्हणून मी ३६ एएस फाइली करायला घेतल्या, प्रत्येकीत तीन ओळी, मथळा बदलून. चौदाव्या फाइलीला एका ज्येष्ठांनी मागून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, खालची चौकट कशाला दिलीय?"

क्लासमध्ये टाकायचं फुगाक, फुगाख, फुगाग, ज्यांच्या फाइली कुठेच नाहीत. बेस क्लासमध्ये सगळ्यांना एकच: फुगा. तीच आपोआप बनवण्याची खोड, जिने आमची दुपार खाल्ली होती, इथे नोकरासारखी राबते. ३६ पोकळ क्लास फ्लॅश स्वतः बनवतो, सगळे फुग्याचे वंशज, वागणूक एकाच फाइलीत. अट एवढीच की फुगा स्वतः मूव्हीक्लिपचा वंशज हवा. नसला तर एरर ५०००, आणि तो आकडा एवढा गोल आहे की आधी दंडाची पावती वाटते.

*

घरात दोघांनीही दूध आणलं की जे होतं ते एरर ११५१. फुग्याच्या सिम्बॉलमध्ये 'दोरी' नावाची प्रत ठेवलेली, आणि क्लासमध्येही मी 'दोरी' जाहीर केलेली. पब्लिश सेटिंग्जमध्ये स्टेजवरच्या वस्तू आपोआप जाहीर करायची खूण असेल तर फ्लॅशने ती आधीच जाहीर केलेली असते. खूण काढा, मग दूध आणायचं काम तुमचं, आणि ते पब्लिक आणायचं. मी खूण काढणाऱ्यांतला. माझ्या क्लासमध्ये काय काय आहे हे क्लास वाचूनच कळलं पाहिजे, एफएलए उघडून नाही.

*

कन्स्ट्रक्टरला माहिती मागू नये. स्टेजवर हाताने ठेवलेली प्रत फ्लॅश जन्माला घालतो तेव्हा तो तिला काहीच देत नाही. तुम्ही एक गोष्ट मागितली असेल तर १०६३: अपेक्षित एक, मिळाल्या शून्य. आणि 'न्यू'ने केलेल्या वस्तूला जन्मताना स्टेज कुठे आहे हेही माहीत नसतं, अ‍ॅडचाइल्ड झाल्यावर कळतं. तोवर थांबायचं.

*

फोटो लिंक केला की त्याचा बेस क्लास बिटमॅपडेटा. आवाज केला की साउंड. फाँट केला की फाँट. फोटोची तऱ्हा सीएस३ मध्ये अशी की 'न्यू'ला रुंदी-उंची द्यावीच लागे, आणि दिली तरी ती मानली जात नसे. म्हणून सगळे शून्य, शून्य लिहायचे. सरकारी अर्जातल्या 'लागू नाही'सारखं.

*

'एक्स्पोर्ट फॉर अ‍ॅक्शनस्क्रिप्ट'च्या खुणेखालीच आणखी एक खूण असते, 'एक्स्पोर्ट इन फ्रेम १', आणि ती आपोआप बसते. अर्थ असा की लिंक केलेली प्रत्येक वस्तू पहिल्या फ्रेमआधी उतरणार. आमच्या लोडिंगच्या पट्टीवर चित्रकाराने गोगलगाय काढली होती, शून्यापासून शंभरापर्यंत चालत जाणारी. क्लायंटकडे नेट २५६ केबीपीएसचं. बराच वेळ पांढरा पडदा, मग गोगलगाय एकदम ऐंशीवर उगवून दोन पावलं टाकायची आणि खेळ सुरू. सगळे आवाज आणि ३६ फुगे तिच्या आधी आत आले होते. उपाय माहीत होता: ती खूण काढायची आणि वस्तू दुसऱ्या फ्रेमवर, स्टेजच्या कडेबाहेर ठेवून द्यायच्या. गोगलगाय चालली. कुणी कौतुक केलं नाही.

*

एसडब्ल्यूएफ फाइल फोडून पाहिली की हा सगळा थाट एका तक्त्यावर येतो. टॅग क्रमांक ७६, नाव सिम्बॉलक्लास. एका बाजूला आकडा, दुसऱ्या बाजूला नाव. आतल्या चित्राला नाव नसतंच, त्याला नुसता अनुक्रमांक असतो. तक्ता म्हणतो, ७ म्हणजे फुगाक, ९ म्हणजे फुगाख. आणि शून्य? शून्य म्हणजे खुद्द मुख्य टाइमलाइन. डॉक्युमेंट क्लास म्हणून आपण जे नाव देतो ते या शून्यासमोर जाऊन बसतं. हे कळलं त्या दिवशी डॉक्युमेंट क्लासचं गूढ संपलं. तोही एक सिम्बॉल, फक्त कपाटाबाहेर उभा.

*

हत्तीचं प्रकरण. हत्ती नावाच्या माझ्या क्लासला 'सोंड' लागायची, कारण सोंड फिरवून तो फुगे फोडायचा. एका सोमवारी १००९ यायला लागला. नल. सोंड नाही. चित्रकाराकडे गेलो.

"अरे, सोंड कुठे गेली?"

"अंगातच घेतली. वेगळी छान दिसत नव्हती, सांधा दिसायचा."

दिसत होताच सांधा. त्याचं चूक नव्हतं. चूक माझी, की माझा क्लास चित्राच्या पोटात शिरून बसला होता. हत्ती हा मूव्हीक्लिपच, त्याचे अवयव मला नावानिशी ठाऊक, आणि एकाने पेन्सिल हलवली की दुसऱ्याचा कोड झोपतो. मग मी उलटं करायला लागलो. सिम्बॉलला लिंकेजमध्ये एक साधं नाव, बेस क्लास मूळचा, आत कोड शून्य. माझा क्लास कुणाचाही वंशज नाही; तो चित्र बाहेरून हातात घेतो, हलवतो, खाली ठेवतो. सोंड हवी असेल तर आधी विचारतो, आहे का. बाकीच्यांना हे जास्तीचं काम वाटायचं. चित्र आणि कोड यांच्यातला धागा जितका बारीक तितका बरा, हे माझं मत मी तेव्हा मीटिंगमध्ये मांडलं आणि मला वेळेचा तक्ता दाखवण्यात आला.

*

३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेयरचा आधार संपला. १२ जानेवारी २०२१ पासून प्लेयरने स्वतःच मजकूर चालवायला नकार दिला. त्यानंतर माझ्याकडे कॅनव्हासवर उतरवायला जुनी कामं आली, त्यात हत्तीवाला खेळही होता. अ‍ॅनिमेट कॅनव्हाससाठी क्रिएटजेएस वापरतो; लिंकेजचं नाव तिथेही लागतं, 'न्यू लिब डॉट हत्ती' असं लिहून चित्र मिळतं. पण आपली एएस फाइल त्याला जोडायचा प्रश्नच नाही. मूव्हीक्लिपचे वंशज म्हणून लिहिलेले क्लास मला मुळापासून लिहावे लागले. हत्तीला बाहेरून हलवणारा क्लास मी जावास्क्रिप्टमध्ये एका दुपारी उतरवला. तक्तावाले तोवर रिटायर झाले होते.

*

युनिटी या गेम इंजिनात स्क्रिप्ट वस्तूला चिकटते ती नावाने नाही, शेजारच्या मेटा फाइलीतल्या एका लांबलचक आकड्याने. नाव एडिटरबाहेर बदललं आणि मेटा मागे राहिली की 'मिसिंग'. म्हणजे पीएच-एफचं भांडण मिटलं, आणि डोळ्यांनी वाचता न येणारं नवं आलं.

*

शेवटी जुनी एसडब्ल्यूएफ रफलमध्ये टाकली. रस्ट भाषेत लिहिलेला हा एम्युलेटर ब्राउझरमध्ये फ्लॅश चालवतो. त्यात जुन्या अ‍ॅक्शनस्क्रिप्टचं काम आधी झालं, तिसऱ्याचं मागून. माझे फुगे चालले. क आला, ख आला, थोडे अडखळत. सवयीने मोजले तर ३५.

एफएलएकडे परत गेलो. लायब्ररी, फुगाञ. क्लासची चौकट बरोबर भरलेली. बेस क्लासमध्ये फ्लॅश डॉट डिस्प्ले डॉट मूव्हीक्लिप, आपोआप येतं ते. बदलायचं राहून गेलेलं. कोडमध्ये मी प्रत्येक फुगा मूव्हीक्लिप म्हणूनच हातात घेतला होता, त्यामुळे तक्रार करायलाही कुणी नव्हतं. २००८ पासून ञ स्टेजच्या खालच्या कडेबाहेर तसाच उभा होता. ञने सुरू होणारा शब्द यादीत नव्हता, म्हणून खेळाने तो कधी मागितला नाही, आणि एकाही मुलाला तो कमी आहे हे कळलं नाही.

चौकटीत फुगा लिहिलं, पीएचने. कंट्रोल एंटर.