हात लागला तरी आई घेते

संपादकांनी लेख मागितला तो 'परसात पक्षी यावेत म्हणून काय करावं' या विषयावर. दाणे कुठले, पाणी किती, घरटं कुठे टांगावं, एवढं लिहिलं की पुरे, असं त्यांचं म्हणणं. मी लिहायला बसलो, पण मे महिन्यातला एक बुटाचा खोका डोळ्यांपुढून हलेना. आधी तो.

दुपारचे तीन वाजले होते. वर्ध्यात मे महिन्यात या वेळी माणूस दाराबाहेर पाऊल टाकत नाही. अशा उन्हात एक ताई स्कूटरवर खोका घेऊन आल्या. आत दयाळाचं पिल्लू. "काल फोन केला होता ना सर मी. तुम्हीच म्हणालात, घेऊन या." हो, म्हणालो होतो. घाईत होतो. तीस वर्षं पक्षी वाचवण्याचं काम करतो आणि ज्या प्रश्नानं सुरुवात करायची तोच विचारायचा राहिला होता : अंगावर पिसं आहेत का?

पिसं होती. शेपूट आखूड, पण पंख भरलेले. बोट पुढे केलं तर ते घट्ट धरत होतं. म्हणजे पिल्लू घरट्यातून पडलं नव्हतं, ते घरटं सोडून निघालं होतं. रात्रभर त्याला ड्रॉपरनं दूध पाजलं होतं, दुधात भिजवलेला ब्रेड भरवला होता. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या बुडाशीच उघडतं. चोच उघडून वरून थेंब सोडला की तो सरळ फुप्फुसाकडे जातो. शिवाय दूध पक्ष्यांना पचत नाही, ते सस्तन प्राण्यांचं अन्न. पिल्लाची छाती घरघरत होती. संध्याकाळी ते गेलं. ताई निघताना म्हणाल्या, "सकाळपासून एक काळापांढरा पक्षी आमच्या भिंतीवर ओरडत होता सर, चोचीत अळी धरून. त्याचंच होतं का हे?"

त्यांच्यावर राग धरायचं कारण नाही. परत का ठेवलं नाही, असं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हात लागला ना त्याला. आता आई नाही घेत." हे वाक्य मी डॉक्टरांकडून ऐकलंय, शिक्षकांकडून ऐकलंय, शेतकऱ्यांकडूनही. ते खरं नाही, आणि त्यापायी दर उन्हाळ्यात धडधाकट पिल्लं मरतात. त्यामुळे या मुद्द्यावर मी जरा जास्त बोलतो. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

दयाळ, बुलबुल, साळुंकी हे पक्षी आपलं पिल्लू वासानं ओळखत नाहीत. पक्ष्यांना वास अजिबात कळत नाही असं नव्हे, पण भरवताना त्यांना हलवतो तो पिल्लाचा आवाज आणि वासलेली चोच. पुरावा तुमच्या आंब्यावरच आहे. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते. कावळीण ते उबवते आणि परकं पिल्लू वाढवते. पावशाचं पिल्लू सातभाई असंच पोसतात. जी आई परक्या जातीचं पिल्लू नाकारत नाही, ती तुमच्या बोटांच्या वासापायी स्वतःचं टाकेल का? पक्ष्यांचा अभ्यास करणारे लोक घरट्यातल्या पिल्लांच्या पायांत कडी घालतात, त्यांना तराजूवर तोलतात, परत ठेवतात, आणि आईबाप भरवत राहतात.

आता थोडं तांत्रिक. दयाळ किंवा बुलबुलाचं पिल्लू दोनेक आठवड्यांत घरटं सोडतं, आणि तेव्हा त्याला नीट उडता येत नसतं. पुढचे काही दिवस ते झुडपात, जमिनीवर, कुंपणाशी बसून राहतं आणि आईबाप तिथेच भरवतात. घरट्यात सगळी पिल्लं एकत्र राहिली तर साप, मांजर, भारद्वाज एका फेरीत सगळी संपवतात. पांगली की एखादं तरी वाचतं. असं पिल्लू दिसलं तर जवळच्या फांदीवर ठेवावं, आपलं मांजर घरात घ्यावं आणि दूर व्हावं. आपण शेजारी उभे राहिलो तर आई येत नाही, आणि 'आई आलीच नाही' ही समजूत तिथूनच निघते. डोळे मिटलेलं, बिनपिसांचं पिल्लू असेल तर ते घरट्यात परत ठेवायचं. घरटं मोडलं असेल तर छोट्या टोपलीत सुकं गवत घालून ती त्याच झाडाला बांधायची. मांजराचा दात लागलेलं पिल्लू मात्र थांबवून ठेवू नये. जखम दिसत नसली तरी लाळेतले जंतू एकदोन दिवसांत जीव घेतात. आपल्याकडे पिपरी मेघेला प्राण्या-पक्ष्यांवर उपचार करणारा करुणाश्रम आहे, तिथे न्यावं.

आता संपादकांच्या विषयाकडे; आधी पाण्याचं सांगतो. मातीचं पसरट परळ, पाणी दोन बोटं, मध्ये एक दगड, जागा सावलीची. रोज घासून पाणी बदलायचं, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. दाण्यांबद्दल मी थंड आहे. दाणे खाणाऱ्या चिमणीलासुद्धा पिल्लांसाठी अळ्या आणि किडेच लागतात. अमेरिकेत कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलमी यांनी चिकडी या इवल्याशा पक्ष्याचा हिशोब मांडला : एका वेळची पिल्लं वाढवायला सहा ते नऊ हजार अळ्या. तेव्हा फवारणी थांबवा, पालापाचोळा जाळू नका. कढीपत्ता उंच वाढू द्या, त्याच्या काळ्या फळांवर बुलबुल आणि कोकीळ तुटून पडतात. अडुळसा लावा, शिंजीर आपोआप येईल.

लाकडी घरट्यांचं वाटप दर २० मार्चला, जागतिक चिमणी दिनी, होतं, आणि मला त्याचा शीण येतो. ढोलीत राहणारेच पक्षी पेटीत राहतात. बुलबुल, शिंपी, शिंजीर कधीच नाही. पश्चिमेच्या भिंतीवर टांगलेल्या पेटीत आपल्या ४५ अंशांत पिल्लं भाजतात. शिवाय ज्या चिमणीसाठी ही धावपळ, तिची देशातली एकूण संख्या पंचवीसेक वर्षांत स्थिर आहे, घट मोठ्या शहरांत आहे, असं २०२० च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात दिसलं. याच अहवालाच्या २०२३ च्या आवृत्तीत नीलपंख ३० टक्क्यांहून अधिक घटल्याचं आहे. नीलपंख, म्हणजे दसऱ्याला दिसावा म्हणून आपण आभाळाकडे बघतो तो नीलकंठ. २०१८ साली बहार नेचर फाउंडेशनच्या पुढाकारानं वर्धेकरांनी मतदान करून त्यालाच शहरपक्षी निवडलं. त्या निवडीचा मला आजही अभिमान वाटतो. पण त्याला लागतात मोठे किडे आणि जुन्या, पोकळ झाडांच्या ढोल्या. २०२० मध्ये सेवाग्राम रस्त्यावरची जुनी झाडं रुंदीकरणात पडू लागली तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. आवारातलं वाळकं झाड मात्र गेल्याचंही कोणाला कळत नाही.

आमच्या मागच्या घरी असा एक मेलेला कडुलिंब आहे. त्याच्या ढोलीत दोन वर्षं नीलपंखाची जोडी येते. शेजारी दिवाळीच्या साफसफाईत तो काढणार होते. मी म्हटलं, भाऊ, फांद्या धोक्याच्या वाटतात तर उतरवा, पण बुंधा पुढच्या जूनपर्यंत उभा राहू द्या. ते म्हणाले, दिवाळीनंतर बघू.